श्वासाची जागा

"बाई, हा 'सा' घसा बसल्यासारखा आलाय. परत म्हणता का?" संगणकाचे सर म्हणाले.

संगीताच्या बाईंनी परत म्हटला. मग रे, मग ग. या वर्षीपासून संगीत आणि संगणकाचा तास एकच झाला होता. मुलांनी प्रोग्रॅम लिहून चाली बांधायच्या. त्यासाठी सुटे सूर हवे होते. यंत्राच्या टूंटूंपेक्षा माणसाचा गळा बरा, म्हणून बाईंनी आपण होऊन आपले सूर रेकॉर्ड करून दिले.

वर्गातली एक मुलगी बोलताना अडखळायची. स्वतःचं नाव सांगतानाही पहिल्याच अक्षरावर अडायची. गाताना मात्र कधीच नाही. बाईंनी तिला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती: ओळ संपली की थांब, छाती भरून श्वास घे, मग पुढे. स्नेहसंमेलनात तिने चार ओळी गाव्यात, एवढंच बाईंना हवं होतं.

तिचा प्रोग्रॅम सगळ्यांच्या आधी तयार झाला.

"पोरगी छुपी रुस्तम निघाली, बाई!" सर खूश होते.

"छानच केलंय. पण स्टेजवर ती स्वतः गाईल ना? यंत्र राहू दे साथीला."

"तिलाच विचारा की."

मुलीने पडद्याकडे बोट केलं. "त-ते गातं ना, बाई. तु-तुमच्याच आवाजात. अ-अडत नाही."

"तू तरी कुठे अडतेस गं, गाताना?"

"सु-सुरू करायच्या आधी स-सगळे माझ्याकडे बघतात."



कार्यक्रमाच्या दिवशी दारातच तिच्या आईने बाईंचे हात धरले. "शाळेत जायचं म्हटलं की रडायची हो. आता बघा, तोंड उघडायची गरजच नाही तिला. तुमच्यामुळे."

बाई "हो" म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

मुलीने स्टेजवर जाऊन कळ दाबली. सभागृहभर बाईंचा आवाज घुमला. पहिली ओळ संपली आणि सगळं शांत झालं. थांबायची ती जागा तिने प्रोग्रॅममध्ये न चुकता लिहिली होती.

त्या शांततेत मुलीची छाती श्वासाने भरली. ओठ विलगले. मागच्या रांगेत बाई खुर्चीच्या कडेला सरकल्या.

तेवढ्यात यंत्रातून दुसरी ओळ सुरू झाली. मुलीने तोंड मिटलं.