डोळे काढलेला योद्धा

पेणजवळच्या जोह्यातले गणपतीचे कारखाने विसर्जनानंतर ओस पडतात. दाजींच्या अशाच रिकाम्या कारखान्यात आम्ही पाच जण रविवारी दुपारी राक्षस मारायला बसायचो. गावाला वाटायचं, पोरं जुगार खेळतात. जुगार असता तर परवडलं असतं.

खेळ निकेशच्या बोटीवरच्या काकाने आणलेला. जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि चित्रविचित्र बाजूंचे फासे. ब्याण्णव-त्र्याण्णवचं साल असेल. निकेश सूत्रधार. तो गुहा रचायचा, राक्षस सोडायचा, आणि आम्ही आपापलं काम करायचं. योद्ध्याने पुढे राहून मार खायचा, जादूगाराने मागून आग टाकायची, चोराने कुलपं उघडायची आणि वैद्याने सगळ्यांना बरं करायचं. मी, दिपिका, चोर. दाजींचा मुलगा सुशील जादूगार, पण त्याला स्वतःचे मंत्र कधी वेळेवर आठवले नाहीत. त्याची बहीण अनिता वैद्य. तिला कोणी विचारलंच नाही. मुलगी आहे, करेल सेवा, असं सगळ्यांनी धरलं, आणि मुलगी असून मीही धरलं. योद्धा होता महिपती, निकेशचा कॉलेजातला दोस्त. धरमतरकडच्या मिठागरातलं घर, पेणला एसटी बदलून यायचा.

पटावर मांडायला सुशील शाडूची बोटाएवढी माणसं करायचा. खेळात कोणी मेला की त्याचं माणूस पाण्याच्या बादलीत. माती भिजली की तिचंच दुसरं, ही कारखान्याची रीत. त्यावरून निकेशने नियम केला: माणूस पाण्यात जाईपर्यंत वैद्य त्याला उठवू शकतो, साऱ्या खेळात एकदाच. त्यासाठी आपला अर्धा जीव द्यायचा, आणि कोणासाठी देतोय, का देतोय, ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं. हे शेवटचं पुस्तकात नव्हतं. निकेश गावच्या नाटकात काम करायचा, तिथली हौस त्याने इथे घुसडली.

अनिताने तो मंत्र कोणावर खर्चलाच नाही. सुशील दोनदा मेला, सख्खा भाऊ, तरी नाही. कोणासाठी जपून ठेवलाय ते मला दिसत होतं. चोराचं काम दुसरं काय असतं?

इकडे रोह्याचा मामा महिपतीच्या मागे लागला होता. कंपनीत चिकटवतो, राहायला माझ्याकडे ये, आणि आमची मालू आहेच. महिपती हसण्यावारी न्यायचा. “माजा गडी जित्ता हाय तवर मी रविवार सोडनार नाय,” असं म्हणायचा, आणि म्हणताना बघायचा अनिताकडे. मामाला द्यायचं उत्तर त्या मातीच्या बाहुल्यावर सोपवून बसलेला बिनडोक. आणि ही दुसरी, रोज मूर्तींना बोलके डोळे काढणारी, स्वतः मुकी. मला दोघांचाही संताप यायचा. आजही येतो.

त्या रविवारी एका पुलावर महिपतीचा फासा फसला. पडला तो एक. राक्षसाने योद्ध्याला आडवं केलं. सुशीलने सवयीने बाहुला उचलला आणि बादलीकडे निघाला.

कोपऱ्यात दाजी शाडू चाळत बसले होते. “थांब. बगू,” म्हणाले आणि उठून त्यांनी तो उजेडात धरला. आमची बाकीची माणसं आंधळी, नुसती मातीची. या एकट्याला डोळे होते, बारीक काळ्या रेघेचे, बुबुळात पांढरा ठिपका ठेवलेले.

“ह्याला डोळे कुनी काढले?”

दाजींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी अनिताशिवाय कोणाच्या हाती नव्हती, हे साऱ्या जोह्याला ठाऊक होतं.

“डोळे काढले की ती माती ऱ्हात नाय,” दाजी म्हणाले. “ह्याला बादलीत नाय घालायचा. तळ्यावर नेऊन सोडा.”

महिपतीने बाहुला हातात घेतला. दारापर्यंत गेला आणि थांबला.

“अनिता, तुजा मंतर हाय ना गो?”

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग दाजींकडे. दाजी चाळण हातात धरून तसेच उभे होते. मंत्र टाकायचा तर कोणासाठी आणि का, ते बोलावं लागणार होतं, बापासमोर.

“संपला,” अनिता म्हणाली.

मंत्र शिल्लक आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. महिपतीलाही. निकेशने फासे गोळा करायला घेतले. ती ‘नाही’ म्हणाली असती तर महिपती भांडला असता. ‘संपला’ म्हटल्यावर माणूस कशाशी भांडणार? तो “बरं” म्हणाला आणि गेला. तळ्यावरून परत आलाच नाही, तिथूनच त्याने एसटी पकडली.

पुढचे काही रविवार आम्ही उगाच जमलो आणि उगाच उठलो. पुढे जायलाच कोणी नव्हतं. मग एकदा निकेश रोह्याहून बातमी घेऊन आला. महिपती कंपनीत लागला, आणि मालूशी त्याची सुपारीही फुटली.

अनिताने ऐकून घेतलं. मग पट पुढे ओढला आणि त्या पुलावरच्या रिकाम्या घरावर बोट ठेवलं.

“मी योद्ध्याला उठवते,” ती म्हणाली. आवाज इतका स्वच्छ की बाहेरच्या रस्त्यावर ऐकू गेला असेल. “माझा अर्धा जीव देते. महिपतीसाठी. मला तो हवा आहे म्हणून.”

निकेश बिचारा फासे हातात घेऊन बसला होता. “तो पान्यात गेला गो,” एवढंच म्हणाला.

मी दाजींकडे बघायला घाबरत होते. म्हाताऱ्याने चाळण खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि लेकीजवळ येऊन बसला.

“हे तवाच बोलायचं व्हतंस गो,” दाजी म्हणाले. “तो पोर मलाबी पसंत व्हता.”