शेजार चांगला आहे

रविवारी सकाळी चेअरमन स्वतः तळमजल्यावर आले तेव्हा शिंपी ब्लाउजला हुक लावत बसला होता.

“अकराला लोक येतायत, माझा फ्लॅट बघायला. जरा तेवढं…” पुढचं बोलायची चेअरमनना कधीच गरज पडत नसे.

“हो साहेब, बघतो,” शिंपी म्हणाला.

आत त्याची बायको सतरा वर्षांच्या ठकीला भात भरवत होती. ठकीला बोलता येत नाही. पाऊल वाजलं की ती टाळ्या पिटते आणि आनंदाने ओरडते. तिच्या उपचारांचं केंद्र याच गल्लीत, म्हणून इथे घर हवं होतं, आणि परवडणारं एकच निघालं, पंपाच्या खोलीला चिकटलेलं, बारमाही ओल धरणारं. व्यवहाराच्या वेळी चेअरमननी शिंप्याकडून शब्द घेतला होता: कुणी फ्लॅट बघायला आलं की मुलगी दिसता कामा नये, भाव पडतो. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की ठकी पंपाच्या खोलीत. साऱ्या इमारतीला हे ठाऊक होतं, आणि सारी नाकासमोर चालणारी माणसं होती.

“आज नको हो. अंग तापलंय तिचं,” बायको म्हणाली.

“अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. इथून उठवलं तर कुठे जायचं आपण?” त्याने ठकीच्या हातात रंगीत चिंध्या दिल्या, तिला आत बसवलं आणि कुलूप लावलं.

अकराला गिऱ्हाईक नवरा-बायको आले, फ्लॅट पाहून खाली उतरले. चेअरमनच्या तोंडात तर साखरच होती. बाई जरा चाचरत म्हणाल्या, “माझी नणंद आमच्याकडेच असते. समज कमी आहे तिला, कधी कधी ओरडते. चालेल ना इथे?”

“अहो, हे काय विचारणं झालं? आमची इमारत म्हणजे एक कुटुंब आहे.”

पावलं ऐकून ठकी आतून ओरडली. बाई जागीच थांबल्या. असा आवाज त्या रोज घरी ऐकत होत्या.

“आत कोण आहे?”

चेअरमननी शिंप्याकडे पाहिलं. किल्ली शिंप्याच्या खिशात होती.

“मांजर असेल,” जन्मदाता बाप म्हणाला.

शिंप्याच्या बायकोने त्याच्या खिशात हात घालून किल्ली काढली आणि दार उघडलं. ठकी ओल्या फरशीवर कुडकुडत बसली होती. माणसं दिसताच तिने टाळ्या पिटल्या.

पाहुण्या बाईंचे डोळे भरून आले. त्यांच्या नवऱ्याने घसा खाकरला. “खाली हे असं असेल, तर किमतीचं जरा बघावं लागेल,” तो चेअरमनना म्हणाला. स्वतःच्या बहिणीची त्या क्षणी त्याला आठवणही झाली नसेल.

पाहुणे गेल्यावर चेअरमन गरजले, “शब्द मोडलात तुम्ही. आता विका हे घर. आणि विकतानाही हिला लपवावंच लागेल, नाहीतर कुत्रं विचारणार नाही.”

“शब्द यांनी दिला होता, मी नाही,” बायको म्हणाली.

शिंपी रात्री रडला, बायकोची क्षमा मागत राहिला. तिने ती केली नाही.

पुढच्या रविवारी चेअरमनचं नवं गिऱ्हाईक आलं. इमारतीच्या दारातच खुर्चीवर ठकी बसलेली, वेणी घातलेली, टाळ्या पिटणारी. शेजारी आई उभी होती.

“घर नंतर बघा,” ती म्हणाली. “आधी माझ्या लेकीला बघा.”

गिऱ्हाईक तिथूनच परतलं. वाचकहो, तुम्हीही कधीतरी घर बघायला जाल आणि शेजार कसा आहे म्हणून विचाराल. तेव्हा बाहेरून कुलूप लावलेलं एखादं दार दिसलं, तर आत कोण आहे तेही विचारा.