कपाटातला मास्क

सरलाबाई रोज सकाळी साडेसातला सुरतेतल्या भेस्तान भागातल्या एका सोसायटीचे संडास धुवायची आणि जाताना अविनाशरावांच्या मागच्या दाराशी उभी राहायची. त्यांच्या पत्नी रजनीताई तिला चहा द्यायच्या. चहा चांगला असायचा, आलं घातलेला, काठोकाठ. कप मात्र कान तुटलेला होता आणि त्याची जागा मोरीच्या खिडकीत, फिनेलच्या बाटलीशेजारी होती. सरलाबाई चहा पिऊन तो स्वतः विसळायची आणि स्वतःच खिडकीत ठेवून द्यायची. कोणी कोणाला वाकडा शब्द बोलत नव्हतं. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाचं सुशिक्षित घर होतं ते.

त्यांची मुलगी अनुजा लहानपणापासून हा कप बघत आली होती, आणि तिला तो कधी दिसला नव्हता.

अनुजा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. प्लेग येऊन गेल्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. सुरत झाडून-पुसून लख्ख झाली होती आणि परदेशी संस्थांच्या पाट्या शहरात झळकू लागल्या होत्या. त्यातल्याच एका आंतरराष्ट्रीय संस्थेत अनुजाला सहा महिन्यांची उमेदवारी मिळाली. कापड रंगवणाऱ्या गिरण्यांचं सांडपाणी सुधारायचा त्यांचा प्रकल्प होता. काम चांगलं झालं तर पुढे बँकॉकला वर्षभराचं प्रशिक्षण. अविनाशरावांनी ही बातमी बँकेतल्या शिपायापर्यंत पोचवली होती.

तिच्या वाट्याला सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतली बन्सीलाल शेठची डाइंग मिल आली. आठवड्यातून दोनदा जायचं, लाल-जांभळं पाणी बाटल्यांत भरायचं आणि बासष्ट प्रश्नांचा एक फॉर्म भरायचा. प्रत्येक प्रश्नापुढे दोन चौकटी, होय आणि नाही.

मिलचा मुकादम गजेंद्र खानदेशातल्या शिरपूरकडचा. गोड बोलणारा, ‘ताई, ताई’ करणारा. गावाकडून आलेले शेवेचे लाडू त्याने अनुजाला आग्रहाने खाऊ घातले होते. त्याने आपल्या गावातली बेचाळीस माणसं सुरतेत आणून कामाला लावली, हे त्याचे उपकारच म्हणायचे. पण त्या माणसांबरोबर त्याने अख्खं गाव उचलून आणलं होतं. मशीनवर कोणी उभं राहायचं, गठ्ठे कोणी उचलायचे, हे गावातल्या घराघरावरून आधीच ठरलेलं. आणि सांडपाण्याच्या टाकीत उतरून तळचा गाळ काढायचं काम निंबा आणि त्याचा धाकटा भाऊ राघो या दोघांचं. गावात मेलेली ढोरं ओढायचं काम यांच्याच घराकडे होतं, म्हणून. प्यायच्या पाण्याचं मडकंसुद्धा दोघांचं वेगळं, टाकीच्या कडेला ठेवलेलं.

संस्थेने मिलला विषारी वायूपासून बचाव करणारे दोन मास्क दिले, तेव्हा ते कसे लावायचे हे दाखवायला अनुजाच गेली होती. तिने आधी स्वतः लावून दाखवला. मग गजेंद्रने लावला, सगळे हसले. मग मशीनवरच्या चौघांनी लावून पाहिला. निंबा मागे उभा होता. त्याने हात पुढे केला.

“तू ऱ्हाऊ दे,” गजेंद्र म्हणाला. “तुले सवय शे.”

निंबाने हात मागे घेतला. अनुजाने ते पाहिलं. तिला काहीतरी खटकलंही. पण एकावन्नावा प्रश्न समोर होता, ‘टाकीत उतरणाऱ्या कामगारांसाठी मास्क उपलब्ध आहेत का?’ मास्क तर टेबलावर पडले होते. तिने ‘होय’वर खूण केली आणि पान उलटलं. मास्क बन्सीलाल शेठच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात गेले. पाहुण्यांना ते तिथे छान दिसायचे.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी दहाला ती मिलच्या मागच्या आवारात शिरली तर टाकीजवळ गर्दी. मध्ये निंबा गुडघ्यांवर बसला होता आणि गजेंद्र त्याला मशीनच्या रबरी पट्ट्याने मारत होता. पट्टा पाठीवर पडला की ओल्या कपड्यावर धोपटणं आपटावं तसा आवाज येत होता. निंबाचा सदरा फाटून कातड्याला चिकटला होता.

“उतरस का नही?”

“नही. सकाय्‌पासून वास उग्र येस, मुकादम. मी मरी जासू.”

पुढचा फटका तोंडावर बसला. ओठ फाटला. राघो मध्ये पडला तर दोघांनी त्याला भिंतीवर आपटलं. उरलेली माणसं उभी होती. एकाच्याही पायाला पुढे सरायची इच्छा झाली नाही.

“गजेंद्रभाऊ! हे काय चाललंय?” अनुजा ओरडली.

गजेंद्र तिच्याकडे वळला, तो हसूनच. “ताई, तुम्ही लक्ष देऊ नका. आमच्या गावातली गोष्ट आहे. टाकी तुंबलीय, दोन वाजता पाहणीला तुमचेच साहेब येणार.”

“मग त्याला मास्क द्या!”

“असं कसं ताई?” तो खरोखर चकित झाला होता. “एकदा ह्याच्या तोंडाला लागला की मग माझी माणसं तो लावतील का? वस्तू बाद होईल ना.”

अनुजा केबिनकडे धावली. शेठ नव्हते. कपाटाला कुलूप होतं. तिने टेबलावरचा पितळी पेपरवेट उचलला आणि काचेवर घातला. पहिल्या घावाला तडा गेला, दुसऱ्याला काच कोसळली. मनगट चिरलं. एक मास्क ओढून ती रक्त गळत्या हाताने परत पळाली.

तोवर निंबाला ढकललं होतं. गजेंद्रने त्याला कमरेत लाथ घालून शिडीवरून टाकीत लोटलं, हे राघोने पाहिलं आणि चाळीस जणांनीही पाहिलं. काळ्या गाळात तो छातीपर्यंत उभा राहिला, दोनदा खोकला, वर बघून हात केला आणि गुडघे मोडल्यासारखा खाली बसला. तोंड गाळात गेलं. राघो शिडीवरून झेपावला. त्याने कडेचा दोर भावाच्या आणि आपल्याही काखेत अडकवला आणि तोही तिथेच लोळला. अनुजाने मास्क फेकला आणि दोर धरला. दोराला हात लावायला मात्र सगळे आले, कारण दोर विटाळत नसावा.

राघो जगला. त्याची छाती कायमची भाजली, बोलताना आवाजाऐवजी शीळ यायची. निंबा वर आला तो मेलेलाच. तोंडात, नाकात, डोळ्यांच्या खोबणीत जांभळा रंग भरला होता.

दुपारी निंबाची बायको पुष्पाबाई प्रेत मिलच्या फाटकासमोर ठेवून बसली. ती आरडाओरडा करत नव्हती. “तो दारू पिईसन पडना असं लिखू नका,” एवढंच म्हणत होती. “त्यानी कधी दारू पिनी नही. एवढं खरं लिखा, मंग मी उठसू.” शेठच्या माणसांनी तिला केसांना धरून रस्त्यावरून फरफटत नेलं. गुडघ्यांची सालं निघाली. एकाने तिच्या पोटात लाथ मारली आणि तिरडीचा बांबू तिच्याच पाठीवर मोडला.

आणि कागदावर काय आलं? ‘सदर कामगार मद्यधुंद अवस्थेत टाकीत पडला. मास्क टाकीच्या कडेला उपलब्ध होता, त्याने तो वापरला नाही.’ अनुजाने जीव तोडून आणलेला, घाईत फेकलेला तो मास्क पंचनाम्यात शेठच्या बाजूचा साक्षीदार होऊन बसला. सोबत एक झेरॉक्स जोडली होती. आंतरराष्ट्रीय संस्थेचा फॉर्म, प्रश्न एकावन्न, होय, खाली अनुजाची सही.

दुसऱ्या दिवशी ती प्रकल्प अधिकारी ओंकार सरांकडे गेली. सर पुण्याचे, हुशार, मनाने वाईट नव्हते. म्हणूनच त्यांचा राग जास्त येतो.

“अनुजा, आपलं काम पाणी,” ते म्हणाले. “पाण्यातला क्षार, पाण्यातला रंग. मजुराचा प्रश्न आपल्या कक्षेत येत नाही. आणि तू भरलेलं चुकीचं काय आहे? मास्क होते की नाही?”

“होते.”

“मग झालं. बँकॉकचं पत्र माझ्या सहीवर जायचंय. उगीच त्यात पाय अडकवून घेऊ नकोस.”

घरी त्याहून वाईट झालं. संध्याकाळी तिघे जण मोटारसायकलवरून आले आणि अविनाशरावांची स्कूटर त्यांच्या डोळ्यांदेखत लोखंडी सळईने फोडून गेले. जाताना म्हणाले, “काका, सरकारी चौकशी होईपर्यंत मुलीला आठ दिवस घरात ठेवा.” अविनाशराव आत आले. अनुजा म्हणाली, “मी चौकशीत खरं सांगणार आहे, बाबा.” जन्मात मुलीवर हात न उचललेल्या त्या माणसाने तिच्या थोबाडीत मारली.

“तुझं काय अडलंय गं?” ते ओरडले. “तू ढकललंस का त्याला?”

अनुजा गालावर हात धरून मोरीत गेली. तोंडावर पाणी मारून वर पाहिलं तर समोर खिडकीत तो कान तुटका कप. ती बघतच राहिली. निंबाने पुढे केलेला हात तिने पाहिला होता, तरी ‘होय’ म्हणून खूण केली होती. का? तिला तो नकार नवा नव्हता म्हणून. तो याच खिडकीत रोज विसळून उपडा ठेवलेला असायचा. तिला रडू फुटलं, आणि स्वतःची मनापासून किळस आली.

आठव्या दिवशी मिलच्या ऑफिसात चौकशी भरली. सरकारी अधिकारी वयस्कर, मराठी कळणारे गुजराती गृहस्थ होते. टेबलावर तो मास्क होता. अनुजाला यायला कोणी अडवलं नाही, कारण ती येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

गजेंद्र छान बोलला. “साहेब, हम जातपात नहीं मानते. सबका मास्क एकच था. निंबा पिके आया, पहना नहीं.”

अनुजा उभी राहिली. “साहेब, फॉर्मवरचं ‘होय’ माझं आहे आणि ते खोटं आहे. मास्क कपाटात कुलपात होता. निंबाने माझ्यासमोर तो मागितला होता, मी गप्प बसले. त्या दिवशी काच फोडून तो टाकीपाशी मीच नेला. ही बघा जखम. आणि तो प्यालेला नव्हता. मार खाताना तो उतरायला नाही म्हणत होता.”

“लडकी घबराई हुई है साहेब,” बन्सीलाल शेठ शांतपणे म्हणाले. “मास्क सबको मिलता था. पूछ लो किसीको भी.”

अधिकाऱ्याने चाळीस जणांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना मिळत होता.

अनुजाने मास्क उचलला. दाराशी राघो पुष्पाबाईच्या आधाराने उभा होता. ती त्याच्यापाशी गेली.

“राघोभाऊ, हा लावा.”

राघो मागे सरला. जन्माची सवय. पुष्पाबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “लाव रे. तुना भाऊले भेटना नही.”

त्याने लावला. खोकला आला, काच आतून ओली झाली, थुंकी उडाली. अनुजाने तो त्याच्या तोंडावरून काढला आणि न पुसता आपल्या तोंडाला लावला. तीन श्वास घेतले. मग तोच काढून गजेंद्रपुढे धरला.

“सगळ्यांचा एकच ना, भाऊ? लावा आता.”

गजेंद्रने दोन्ही हात पाठीमागे नेले. तिने मास्क आणखी पुढे केला आणि तो एक पाऊल मागे झाला. ती पुढच्याकडे वळली. तोही मागे झाला. मग तिसरा. त्या छोट्या ऑफिसात अख्खं गाव मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकलं. अधिकारी चष्म्यावरून सगळं पाहत होते. त्यांनी लिहायला घेतलं.

पेनाचा आवाज ऐकून गजेंद्रचं भान सुटलं. त्याने दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसा पट्टा धरून मास्क हिसकावला आणि गरगर फिरवून अनुजाच्या तोंडावर हाणला. मास्कचा हवा गाळणारा धातूचा डबा भुवईवर बसला. हाड उघडं पडलं. ती खाली कोसळली तरी तो मारत होता. पुष्पाबाईने त्याच्या दंडाला दात रोवले तेव्हा कुठे तो थांबला. हे सगळं सरकारी माणसाच्या समोर झालं, म्हणून नाकारता आलं नाही. निंबाला मारलेलं मात्र चाळीस जणांनी नाकारलं होतं.

‘मद्यधुंद’ हा शब्द कागदावरून गेला. गजेंद्रला त्याच दुपारी पोलिसांनी नेलं. अनुजाच्या भुवईवर नऊ टाके पडले आणि उमेदवारी संपल्याचं पत्र दवाखान्यातच आलं. बँकॉकचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सरलाबाई मागच्या दाराशी आली. डोक्याला पट्टी बांधलेली अनुजा दोन कप घेऊन बाहेर आली. स्वयंपाकघरातला निळ्या फुलांचा कप तिने सरलाबाईच्या हातात दिला. कान तुटका स्वतः घेऊन ती पायरीवर बसली.

“अरे बापरे, ताई, ये मेरावाला है,” सरलाबाई घाबरून म्हणाली.

“माहीत आहे.”

रजनीताई दारात येऊन उभ्या राहिल्या. चहा संपला. सरलाबाई सवयीने कप विसळायला उठली, तेव्हा अनुजाने तिला बसवलं आणि दोन्ही कप आईपुढे धरले. निळ्या फुलांचा आणि कान तुटका.

रजनीताईंनी हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला. वाचकहो, तो हात अजून तिथेच आहे. तुमच्या घरातल्या मोरीच्या खिडकीकडे एकदा बघून या.