घडी मोडण्याचं काम

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांवर दिवा धरायचा, थुंकी ओढणारी नळी सांभाळायची आणि संध्याकाळी सगळी हत्यारं उकळून ठेवायची. त्यामुळे घाणीचं मला काही वाटत नाही. किळस येते ती वेगळ्याच गोष्टींची. बत्तीशी दाखवत गोड बोलणाऱ्या माणसांची. आणि मुलीमुळे अशी माणसं माझ्या वाट्याला जरा जास्तच आली आहेत.

मुलगी तेवीस वर्षांची. घरात आम्ही तिला बबी म्हणतो. ती ऑटिस्टिक आहे. मोठा आवाज तिला सोसत नाही, अंगाला हात लावलेला चालत नाही. बोलते कमी, पण जे बोलते ते सरळ. शाळेने तिला ‘देवाघरचं फूल’ म्हणत म्हणत आधी शेवटच्या बाकावर बसवलं आणि मग घरी. फुलाला म्हणे वर्गात त्रास होत होता. खरं तर वर्गाला फुलाचा त्रास होत होता, पण तसं म्हणायला लाज वाटते ना.

म्हणून एका मोठ्या हॉटेलातून बोलावणं आलं तेव्हा आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. काम टॉवेलच्या घड्या घालायचं. बबीचा हात त्यात असा बसला की काय सांगू! कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ, एक सुरकुती दिसली तर अख्खा टॉवेल उलगडून पुन्हा पहिल्यापासून. सकाळी स्वतःचा गणवेश स्वतः इस्त्री करायची आणि वेळेच्या आधीच दारात उभी. “कामाला जाते,” एवढंच म्हणायची. तिचे बाबा पंखे-मिक्सर दुरुस्त करतात. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकवायचे, “आमची बबी नोकरीला आहे बरं का.” गिऱ्हाईक मिक्सर घ्यायला आलेलं असायचं, बिचारं मान डोलवून जायचं.

मला एकच गोष्ट खटकत होती. बबीची जागा लॉबीला लागून असलेल्या काचेच्या खोलीत होती. काचेवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘संधी सर्वांना’. कधी तिला आणायला गेले की दारातून दिसायचं, पाहुणे बॅगा ओढत यायचे, थांबायचे, मान वाकडी करून बघायचे. कुणी फोटो काढायचं. एका बाईने तर काचेवर टकटक करून बबीला हात हलवला, पिंजऱ्यातल्या पोपटाला हलवतात तसा. मी दात खाऊन गप्प बसले, कारण आत काम चालू होतं आणि काम खरं होतं. असं मला वाटत होतं.

त्या दिवशी बबी कानाला लावायचे हेडफोन घरी विसरली. दवाखान्यात जेवणाची सुट्टी झाल्याबरोबर मी ते घेऊन धावले. दरवानाने पुढून जाऊ दिलं नाही, मागच्या दाराने जा म्हणाला. मागे लाँड्री. यंत्रांची घरघर, वाफ, साबणाचा वास. बबी तेव्हा कँटीनमध्ये जेवत होती. एक माणूस तिची ट्रॉली ओढत आत आला. ट्रॉलीवर तिच्या घड्या होत्या. त्या मी हजारात ओळखीन. त्याने वरचा टॉवेल उचलला, झटकला, घडी मोडली आणि चुरगाळून टोपलीत टाकला. मग दुसरा. मग तिसरा.

“अहो, हे काय करताय?” मी ओरडलेच.

“जेवून आली की हेच परत द्यायचे असतात तिला,” तो वर न बघता म्हणाला. “मला काय हौस आहे का, ताई? माझं काम पडलंय तिकडे. त्यात हे घडी मोडायचं वेगळं काम मागे लावलंय. रोज दोनदा.”

“म्हणजे हे टॉवेल खोल्यांत जात नाहीत?”

“छे! हे जुने आहेत. हे फक्त काचेतले.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेडफोन तसेच हातात धरून मी एचआरच्या मॅडमसमोर जाऊन उभी राहिले. तरुण होत्या, दात एका रेषेत, पांढरेशुभ्र. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि हसल्या.

“ताई, तुम्ही चुकीच्या अर्थाने घेताय. ती किती खूश असते बघा ना! पगारही वेळेवर देतो आम्ही.”

“तिच्या घड्यांत काही खोट आहे का?”

“अजिबात नाही! उलट आमच्या लोकांपेक्षा सुंदर घालते.”

“मग तिचे टॉवेल खोल्यांत का जात नाहीत?”

मॅडमनी आवाज खाली आणला. “सगळ्यांची मनं एवढी मोठी नसतात, ताई. एकदोन पाहुण्यांनी विचारलं, की ती मुलगी... म्हणजे हात वगैरे स्वच्छ असतात ना तिचे? अंग पुसायचे टॉवेल असतात शेवटी. समजून घ्या ना.”

मी रोज लोकांच्या तोंडात हात घालते. पू, रक्त, कुजलेल्या दाढा, सगळं बघितलंय. पण उलटी येईल असं मला त्या थंडगार, सुवासिक खोलीत वाटलं. माझी मुलगी दिवसातून किती वेळा हात धुते ते सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. असल्या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे त्या प्रश्नाला पाट मांडून बसवणं.

“तिला खरं काम द्या,” मी म्हटलं. “हे उपकार नाहीत. हक्क आहे तिचा.”

“हक्काची भाषा कशाला, ताई? आपण एक कुटुंब आहोत.” पुन्हा ते दात. “आणि पुढच्या आठवड्यात आपल्या हॉटेलला पुरस्कार मिळतोय, सर्वसमावेशक कामाच्या जागेसाठी. बबी स्टेजवर येणार आहे. तुम्हीही या दोघं.”

घरी आल्यावर मी तिच्या बाबांना सगळं सांगितलं. ते दुरुस्तीला घरी आणलेल्या एका मिक्सरचे स्क्रू आवळायला लागले.

“पगार तर खरा आहे ना?” ते म्हणाले. “ती आनंदात आहे. तिला कळलं तर मोडून पडेल गं. नको बोलूस काही.”

माणूस वाईट नाही, पण त्या क्षणी मला त्यांचाही राग आला. सगळ्यांनाच तिचा आनंद हवा होता, कारण तो स्वस्तात पडत होता. तरी रात्रभर मी तोंड उघडलं नाही. पाठ ताठ करून कामाला जाणारी माझी मुलगी मला हवी होती. ती पाठ मीच वाकवायची?

सकाळी ती इस्त्री करत होती. मी नुसतं विचारलं, “काय गं, टॉवेल कसे असतात तिथले?”

“तेच असतात,” बबी म्हणाली.

“तेच म्हणजे?”

“तेच. एकाच्या कोपऱ्यात निळा धागा आहे. एक जळलाय. सकाळी येतात, जेवल्यावर परत येतात. धुतलेले नसतात.”

“तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस कुणाला?”

“मॅडमना सांगितलं. त्या हसल्या.” तिने बाहीची सुरकुती काढली. “मला वाटतं उद्या दुसरे येतील.”

मग ती कामाला गेली. दाराआडून तिचे बाबा ऐकत होते. नळ सोडून ते किती तरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिले.

पुरस्काराच्या दिवशी हॉटेलचं सभागृह खच्चून भरलं होतं. पडद्यावर काचेच्या खोलीतली बबी, मागे व्हायोलिन. नाकाने कांदे सोलणारी भाषणं एकामागून एक झाली. एक पाहुणे म्हणाले, ही मुलं आपल्याला जगायला शिकवतात. शेजारची बाई डोळे टिपत होती. मला तिच्या रुमालाचीसुद्धा शिसारी आली.

मग बबीला वर बोलावलं. मॅडमनी तिच्याकडून दोन वाक्यं पाठ करून घेतली होती, ‘मला इथे खूप आवडतं. धन्यवाद.’ हॉटेलच्या मॅनेजरने माईक तिच्या हातात दिला आणि फोटोसाठी तिच्या खांद्याकडे हात नेला. ती एक पाऊल बाजूला सरकली.

“मला घड्या घालायला आवडतात,” बबी म्हणाली. “पण रोज तेच टॉवेल देतात. मी घातलेल्या घड्या मोडतात. मला खरे टॉवेल पाहिजेत.”

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी खोटं सांगत नाही. लोक उभे राहिले. पुढच्या रांगेतले डोळे पुसत होते. ती बोलतेय हेच त्यांना पुरेसं होतं, काय बोलतेय ते कुणाच्या कानात शिरलंच नव्हतं. बबीने दोन्ही कान दाबून धरले. सूत्रसंचालक गहिवरून म्हणाला, “किती निरागस!” त्यावर आणखी टाळ्या.

आवाज थांबल्यावर तिने कानांवरचे हात काढले आणि मॅनेजरकडे वळून विचारलं, “उद्या दुसरे देणार का?”

मॅनेजर हसला. पुरस्काराची ढाल त्याने छातीशी धरली होती. सूत्रसंचालकाने पुढचं नाव पुकारलं. बबी जागची हलली नाही. तिने विचारलं होतं, आणि उत्तर यायचं बाकी होतं.

मॅडम वाकून वाकून आमच्या रांगेत आल्या. आज दात दिसत नव्हते. “ताई, तिला खाली घ्या ना, प्लीज. तुमचं ऐकते ती.”

तिचे बाबा उठले. मला वाटलं, आता हे हात जोडतील आणि तिला घेऊन येतील. मी त्यांचा शर्ट धरला. त्यांनी माझा हात सोडवला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाले, “तिने तुमच्या साहेबांना विचारलंय. त्यांना सांगू दे.”

आणि ते पुन्हा बसले. मी हाताची घडी घालून समोर बघत राहिले.

माईक चालूच होता. बबी मॅनेजरच्या आणखी जवळ गेली आणि आधीइतक्याच शांतपणे म्हणाली, “उद्या दुसरे देणार का?”

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.