जमुनाच्या हातची नानकटाई

राजापेठेतल्या बायका इंदूबाईच्या नानकटाईवर जीव टाकत. दिवाळीची फराळाची ताटं घरोघर फिरू लागली की भगवंतरावांच्या घरून आलेल्या ताटातली नानकटाई आधी उचलली जाई, चिवडा-चकलीचा नंबर मागाहून. फुगीर, वरून बारीक चिरा पडलेली, मधोमध एक चारोळी. तोंडात टाकली की चावायचं कामच नाही. ही बाई मूळची भातकुलीची, शेतकऱ्याच्या घरची. अनारसे आणि करंज्या ती झोपेतही करील, पण लग्नाआधी तिनं बेकरीची भट्टी पाहिलेलीसुद्धा नव्हती. नानकटाई तिनं अमरावतीत येऊन शिकून घेतली, आणि तीही हौसेनं नाही, ईर्षेनं. ईर्षा कोणाशी, तर मरून गेलेल्या बाईशी.

जमुना ही भगवंतरावांची पहिली बायको, अकोल्याची. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच विषमज्वरानं गेली. मूलबाळ नव्हतं. पुढे कचेरीतल्या मंडळींनी भगवंतरावांच्या मागे लागून त्यांना पुन्हा बोहल्यावर चढवलं आणि इंदू या घरात आली. रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात सवतीचा टाक आला, चांदीचा, नखाएवढा. सणावाराला त्याला हळदकुंकू लावायचं, आधी त्याला नैवेद्य दाखवायचा आणि मग आपण जेवायचं. हे सगळं इंदूनं तक्रार न करता केलं. टाकाबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. तिचं म्हणणं होतं ते नानकटाईबद्दल.

पहिल्या दिवाळीला शेजारणींबरोबर ती मैदा, पिठीसाखर आणि डालड्याचा डबा घेऊन बेकरीवाल्या हाफिजमियांच्या भट्टीवर गेली. तिथं दुपारपर्यंत बसून घामाघूम झाली आणि डबा भरून नानकटाई घेऊन आली. भगवंतरावांनी एक उचलली, खाल्ली आणि म्हणाले, "बरी झाली. पण जमुनाच्या हातची..."

बस, तेवढंच. पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळून टाकलं. पुरतं बोलले असते तर इंदूनं ऐकून घेतलं असतं, फार तर भांडली असती. हे अर्धं वाक्य मात्र कुसळासारखं आत रुतून बसलं.

दुसऱ्या वर्षी तिनं डालडा सोडून भातकुलीहून घरचं रवाळ तूप आणवलं आणि हात भरून येईपर्यंत परातीत फेसलं. "बरी झाली. पण जमुनाच्या हातची..." तिसऱ्या वर्षी वेलदोडा, जायफळ आणि चिमूटभर केशर. तेच वाक्य, तिथंच तुटलेलं. तेव्हा न राहवून तिनं विचारलं, "असं काय होतं वो त्याईच्या हातात?"

"सांगता नाई येत," भगवंतराव म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले.

माणूस वाईट नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. आवाज चढवून कधी बोलला नाही, तिच्या माहेरच्यांचं नेहमी मानानं केलं. पण एवढ्या एका बाबतीत त्याच्यापुढे डोकं आपटून उपयोग नव्हता. जिवंत सवत असती तर इंदूनं तिला पाहून घेतलं असतं. तिच्या वरणात मीठ जास्त पडलं की चारचौघींत सांगितलं असतं. मेलेलीचं वरण कधी खारट होत नाही. इंदूला तिचा राग येई, आणि मेलेल्या बाईचा राग येतो म्हणून स्वतःचाही येई. तिची इच्छा काही मोठी नव्हती. नवऱ्यानं एकदा, फक्त एकदा, नुसतं "बरी झाली" म्हणून थांबावं.

जमुनाची आई, चतुराबाई, अकोल्यात एकटी राहत असे. लेकीच्या जागी आलेली म्हणून ती इंदूला लेकच मानी. दर दिवाळीला खण-बांगड्या पाठवी आणि येऊन जा म्हणून निरोप धाडी. इंदूनं खण शिवले, बांगड्या भरल्या, पण अकोल्याला पाऊल टाकलं नाही. एकोणसाठ साली दिवाळी जवळ आली तेव्हा मात्र ती आपण होऊन नवऱ्याला म्हणाली, "यंदा अकोल्याले जाऊन येते म्हणते. आई कवाच्या बोलावून राहिल्या."

भगवंतरावांचा चेहरा खुलला. तो खुललेलाही इंदूला सहन झाला नाही. पण ती जाणार होती ती माया करायला नव्हे. जमुनाची नानकटाई जिथं शिकली गेली तिथून ती उचलून आणायला.

चतुराबाईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, न्हाऊ घातलं, आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडून नानकटाई पुढ्यात ठेवली. इंदूनं एक तोंडात घातली आणि तिचा जीव चरचरला. तिच्या स्वतःच्या नानकटाईहून काकणभर सरसच होती.

"आई, जमुनाबाईबी अशीच करत का?" तिनं जमेल तेवढ्या सहज विचारलं.

चतुराबाई हसायलाच लागली. "जमुना? अवं बाप्पा, तिले कदी जमलीच नाई. तूप फेसाचा तिले कंटाळा. चुलीवर पातळ करे अन् देये पिठात ओतून. मंग ते पसरीन नाई त काय करीन? पापड होये पापड. अन् भट्टीवर जाऊन पयला नंबर लावे. पाव निघाला का हिचा पत्रा आत. तवा भट्टी कशी लाल असते, तुले त मालूमच हाये. खालून कोळसा, मदात कच्ची. मी सांगू सांगू थकली. म्हणे, चालते, ते खातेत."

बोलता बोलता म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. इंदूनंही लावला, पण हसू दडवायला.

तिला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटूनही आनंद कमी झाला नाही. परतीच्या मोटारीत मूर्तिजापूर आलं-गेलं ते तिला कळलं नाही. चार वर्षं हा माणूस एका करपलेल्या पापडासाठी उसासे टाकत होता! आता तोच पापड त्याच्यापुढे ठेवायचा. पहिला घास थुंकला की त्याच क्षणी आपला डबा उघडायचा. मग पाहू जमुनाच्या हातची कशी होती ते.

तिनं आपली नानकटाई आधीच भाजून डब्यात भरून ठेवली. धनत्रयोदशीला ती पुन्हा भट्टीवर गेली ती पातळ तुपात कालवलेलं पीठ घेऊन. पाव नुकताच निघाला होता. अशा वेळी शहाण्या बायका गप्पा मारत मागे बसून राहतात, भट्टी उतरून तिसरा-चौथा पत्रा जायची वेळ झाली की मग पुढे सरकतात. इंदूबाई सरळ पुढे गेली.

"बाई, अब्बी मत डालो," हाफिजमिया म्हणाले. "भट्टी तेज है, जल जायेगी."

"जलने दो," इंदूबाई म्हणाली. बाकीच्या बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं आणि भगवंतराव फराळाला बसले. इंदूनं चकली, करंजी वाढली आणि बाजूला तीन नानकटाया ठेवल्या. चपट्या, कडेला काळ्या. ती दाराशी उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं मनात घोळवून घोळवून गुळगुळीत केलं होतं.

त्यांनी एक उचलली. उलटी केली. खालचा काळा भाग पाहून त्यांचा हात थांबला. मग त्यांनी ताटाच्या कडेला तो काळा थर नखानं खरवडला, हलक्या हातानं, नानकटाई न मोडता. हे काम त्यांनी पुष्कळदा केलेलं होतं हे पाहणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. खरवडून झाल्यावर त्यांनी ती खाल्ली. थुंकले नाहीत. दुसरी उचलली, खरवडली, तीही खाल्ली.

"हीच," ते म्हणाले. "आईनं सांगितलं काय तुले?"

"हो."

"मी तिले म्हणत होतो, थोडी थांबत जाय, भट्टी उतरू देत जाय. त ते म्हणे, तुमी कचेरीत जायाच्या आंदी गरम भेटली पायजे तुमाले." ते हसले, आणि त्यांना डोळे पुसावे लागले. लग्नानंतर इंदूनं त्यांना रडताना पाहिलं ते हे पहिल्यांदा.

घोळवून ठेवलेलं सगळं इंदूच्या तोंडातच राहिलं. आजवर तिला वाटत होतं की जमुनाचा हात आपल्याहून चांगला होता. हाताशी तिनं बरोबरी केली असती, अजून दहा वर्षं तूप फेसलं असतं. पण ह्या करपलेल्या, कच्च्या वस्तूशी बरोबरी कशी करायची? यात शिकण्यासारखं काही नव्हतंच. चार वर्षं ती भट्टी उतरायची वाट पाहत दुपारपर्यंत बसून राहिली होती, नानकटाई चांगली व्हावी म्हणून. ती घरी येई तेव्हा नवरा कचेरीत गेलेला असे, आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. तिला जमुनाचा पूर्वी कधी वाटला नव्हता इतका हेवा वाटला.

भगवंतरावांनी तिसरीही संपवली आणि बोटं झटकली. कधी नव्हे ते त्यांनी तिच्याकडे मायेनं पाहिलं.

"लय दिवसानं जीव शांत झाला," ते म्हणाले. "पुढच्या वर्सी माह्यासाठी अशीच करत जाय. ते दुसरी लोकाइले वाटाले ठेव."

"बरं," इंदूबाई म्हणाली.