आवडाबाईंचा पासवर्ड

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि माझ्या बटणांना अजून बोंबलाचा वास येतो. हसू नका रे! आधी ऐका तर खरं. तो वास कसा लागला, ही तर माझी सगळी गोष्ट आहे.

जन्म माझा तैवानचा. तिथून बोटीनं आलो आणि थेट ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, एका औषधांच्या कंपनीत, मोठ्या साहेबांच्या टेबलावर जाऊन बसलो. काय थाट होता माझा! अख्ख्या मजल्यावर मिटता येणारा कॉम्प्युटर मी एकटाच. साहेब खटकन झाकण उघडायचे आणि समोरचा माणूस बोलायचं विसरायचा. प्यूनसुद्धा मला पुसायच्या आधी स्वतःचे हात पुसून घ्यायचा.

मग माझ्यापेक्षा बारीक आणि चपळ एक जण आला आणि मी गेलो लोखंडी कपाटात. खाली मोडक्या पंख्याची पाती, वर जुनी कॅलेंडरं, मध्ये मी. तिथल्या अंधारात माझी बॅटरी मेली, आणि कुणाला कळलंसुद्धा नाही. एक दिवस कपाट आवरायला काढलं तेव्हा साहेब रिपेअरिंगच्या दुकानातून आलेल्या पोराला म्हणाले, "सुधीर, हा डबा घेऊन जा रे, नाहीतर भंगारवाला आहेच."

सुधीरदादा बाळकुमचा. खाडीकाठी त्यांचं कोळ्यांचं घर. त्यानं मला मासळीच्या टोपलीत घातलं, वर गोणपाट टाकलं आणि सायकलवरून घरी नेलं. वासाची सुरुवात तिथूनच झाली बघा.

घरात धाकटी बहीण मालू, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिनं मला बघितलं आणि जी उडी मारली! पण माझ्यात जी जुनी सिस्टीम होती ती इतकी दमलेली, की चालू करावं, चहा प्यावा, कप विसळून ठेवावा, तरी आपलं स्क्रीनवर घड्याळ फिरतंय. सुधीरदादा म्हणाला, "ह्याच्यात काय दम नाय राहिला." मालूचा चेहरा एवढासा झाला.

आणि मग आली रतन! मालूची मैत्रीण, डोंबिवलीची, चष्मा नाकावरून घसरलेला आणि तोंड सतत चालू. एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकायची आणि शिकवायचीसुद्धा. कुठल्याशा मासिकाबरोबर तिला एक सीडी फुकट मिळालेली, लिनक्स नावाच्या नव्या सिस्टीमची. पण मला सीडी लावायला जागाच नाही ना! म्हणून ती क्लासमध्ये बसून एकेक फ्लॉपी भरायची आणि पिशवी भरून बाळकुमला यायची.

मालूच्या आईनं, म्हणजे आवडाबाईंनी, सीडीच्या पाकिटावरचं चित्र निरखून पाहिलं. "ह्यो बदक कसला गो?"

"बदक नाही काकी, पेंग्विन. लिनक्सची खूण आहे ती."

"खातात काय त्याला?"

रतन जी हसली, चष्मा पडला तिचा.

ओटीवर जाळं विणत बसलेले मालूचे बाबा, त्यांचं नाव भिवाजी, त्यांना वेगळाच प्रश्न पडला. "ह्याचा मालक कोन?"

"कुणीच नाही काका. आणि सगळेच. कुणीही फुकट घ्यायचं, वापरायचं. आत काही बिघडलं तर ज्याला जमेल त्यानं दुरुस्त करायचं आणि दुरुस्त केलेलं परत सगळ्यांना द्यायचं."

बाबा म्हणाले, "मंग आमच्या गावच्या भांड्यांसारखं हाय. लग्नाला ज्याला पायजे त्यानं न्यावी. पन टोप चेपला तर पोचा काढून परत आनावा."

रतन तोंड उघडं टाकून बघतच राहिली. म्हणाली, "काका, क्लासमध्ये हेच समजवायला आमच्या सरांना अख्खा तास लागलेला."

मित्रांनो, फ्लॉप्यांमागून फ्लॉप्या पोटात गेल्या आणि मी पुन्हा जन्मलो! काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं, ना चित्र ना रंग. सुधीरदादाला वाटलं बिघडलाच आता. पण मी असा पळायला लागलो, असा पळायला लागलो, की मालू घाईघाईत चुकायची आणि मी तिच्यासाठी थांबायचो.

आता खरी भानगड ऐका. लिनक्समध्ये एक 'रूट' असतो, घरातला कर्ता म्हणा ना. तो वाटेल ते करू शकतो, अगदी सगळं पुसूनसुद्धा टाकू शकतो. आणि मालूनं एकदा तेच केलं. एक फाईल पुसायचा हुकूम लिहिताना एक स्पेस चुकीच्या जागी पडली आणि मी कोरा! रतन परत पिशवी घेऊन आली, सगळं परत भरलं आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता रूटचा पासवर्ड तुझ्याकडे नको. घरातल्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"आयेकडे."

"मग हीपण तिच्याकडेच."

आवडाबाई बोंबील साफ करत होत्या. तशाच ओल्या हातानं आल्या. रतन म्हणाली, "काकी, कुणाला ओळखता येणार नाही असा शब्द घाला. तुमच्या तोंडातून कधीच निघत नाही असा."

 त्या गालातल्या गालात हसल्या आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, टुक टुक करत लिहायला लागल्या. नंतर दचकून म्हणाल्या, "काय दिसत नाय गो!"

"पासवर्ड दिसतच नाही काकी."

"बरा हाय मंग," त्या म्हणाल्या आणि पदराला हात पुसले. माझी बटणं मात्र कुणी पुसली नाहीत. वासाचं कारण कळलं ना आता?

त्यानंतर काय मजा चालायची घरात! प्रिंटर जोडायचा, हाक मार आईला. नवीन काही घालायचं, हाक मार आईला. त्या कोयता ठेवून यायच्या, सगळ्यांना तोंडं फिरवायला लावायच्या, टुक टुक करायच्या आणि जायच्या. मालू एकीकडे आपला प्रोजेक्ट करत होती: तिथी टाकली की खाडीच्या भरती-ओहोटीची वेळ सांगणारा प्रोग्राम. बाबा चिडवायचे, "मना न इचारता सांगतो काय तुजा डबा?" पण रोज जाळं उचलायच्या आधी हळूच येऊन विचारायचे, "आज काय म्हनतो?"

प्रोजेक्ट झाला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात बाहेरचे परीक्षक येणार, मला तिथे नेऊन दाखवायचं. दाखवलं नाही तर मालूचं वर्ष जाणार. आवडाबाई तेव्हा घरी नव्हत्या. मोठी लेक सगुणा बाळंत झालेली म्हणून तिच्या सासरी, कल्याणला गेलेल्या. आणि नेमकी त्या दुपारी लाईट गेली.

माझी बॅटरी मेलेली, सांगितलं ना? लाईट गेली की मी बोलता बोलता गप्प. लाईट आली, मालूनं बटण दाबलं आणि मी अर्ध्या वाटेत अडकलो. डिस्कवर सगळं विस्कटलेलं. मी स्क्रीनवर लिहिलं, दुरुस्तीसाठी रूटचा पासवर्ड द्या. मला तरी काय कमी वाईट वाटत होतं! पोरगी समोर रडकुंडीला आलेली आणि मी दारातल्या वॉचमनसारखा, पास दाखवा, पास दाखवा.

रतन सकाळपासून तिथेच होती. "दुसरी वाट आहे, बूट फ्लॉपी. तिच्यावरून पासवर्डशिवाय चालू करता येतो हा. आणि प्रोजेक्टची कॉपी पण आहे ना फ्लॉपीवर? कुठायत फ्लॉप्या?"

मालूनं फळीवरचा डबा काढला. झाकण उघडलं. आवडाबाईंनी जाताना घर आवरलेलं, आणि फ्लॉप्या नीट राहाव्यात म्हणून घरातल्या सगळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेल्या. सुकटीच्या. सुकटीसकट! मिठानं ओल धरलेली, सरकत्या पत्र्यांना गंज चढलेला.

सुधीरदादा म्हणाला, "सरळ पुसून टाकतो. दुकानातून दुसरी सिस्टीम आणून घालतो."

"आणि माझा प्रोजेक्ट, दादा?"

"तो जाईल. पण मशीन तरी चालेल ना!"

मित्रांनो, मला काय वाटलं असेल? परत कोरा! ते गावच्या भांड्यांसारखं लिनक्स, भरतीच्या वेळा, सगळं एका फटक्यात जाणार.

 मालूनं मला उचललं, छातीशी धरलं आणि धावली शेजारच्या गोदामावशीकडे, कारण फोन तिच्याकडे होता. मागून रतन, तिच्यामागून वायर गोळा करत सुधीरदादा आणि शेवटी बाबा, "मना पन नातवाचं इचारायचं हाय" म्हणत. मावशीनं फ्रिजची पिन काढून मला लावली.

कल्याणला फोन लागला. आता आवडाबाईंचा आवाज म्हणजे काय सांगू! अख्खा मासळीबाजार गाजवलेला. कल्याणहून त्या फोनशिवाय बोलल्या असत्या तरी बाळकुमला ऐकू आलं असतं. खोलीभर सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आये, पासवर्ड सांग!"

"नाय सांगनार."

"अगं लाईट गेलेली, सगळं अडकलंय. माझी उद्या परीक्षा आहे!"

"तुमीच सांगितलंत ना, तोंडातून निघत नाय असा शब्द घाल? मंग आता तोंडातून काढू कसा? हितं सगुनाचे सासरे बसलेत समोर."

रतन मालूच्या कानात म्हणाली, "शिवी आहे वाटतं."

"शिव्या तिच्या तोंडातून निघतात गं. सगळ्या."

मग दोघी अंदाजानं लिहायला लागल्या. आईच्या तोंडातून काय निघत नाही? 'सॉरी' लिहून पाहिलं. मी म्हटलं, लॉगिन इनकरेक्ट. 'दमले' लिहिलं. इनकरेक्ट. 'नको' लिहिलं, कारण भाजीवाल्याशिवाय कुणाला त्या नको म्हणाल्याचं मालूला आठवेना. इनकरेक्ट.  मालूनं फोन दोन्ही हातांत धरला. "आये, माझं वर्ष जाईल गं. एकदाच सांग ना."

 पलीकडे सगुणाचं बाळ कुठेतरी कुरकुरलं. मग आवडाबाईंनी घसा साफ केला आणि लग्नातल्यासारखा आवाज लावला:

"खाडीच्या पाण्याला उधाणाची घाई,
भिवाजींचं नाव घेते, मालूची आई!"

आईशप्पथ सांगतो, तिकडे कल्याणला टाळ्या पडल्या! इकडे गोदामावशीनं तोंडाला पदर लावला. सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. त्यांचा हात कान खाजवायला वर गेलेला, तो तिथेच राहिला. लग्नात घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर हे नाव त्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. 'अहो', 'मालूचे बाबा', 'ऐकलं काय', बस.

बाबांनी हळूच फोन घेतला. "परत बोल गो. लाईन खराब हाय."

"काय खराब नाय लाईन! चांगलं ऐकलंत!" आणि धाडकन फोन ठेवला त्यांनी.

मालूनं पटापट बाबांचं नाव लिहिलं, बी एच आय व्ही ए जे आय. इनकरेक्ट. व्ही काढून डब्ल्यू. इनकरेक्ट. शेवटी एक आय जादा. इनकरेक्ट. परत कल्याण लावलं, तर एंगेज. परत एंगेज. लाजेच्या भरात आवडाबाईंनी रिसीव्हर वाकडा ठेवलेला असणार!

सुधीरदादा उठला. "सोड मालू. मी दुकानात जाऊन येतो."

"थांब रं," बाबा म्हणाले. ते अजून स्वतःशीच हसत होते. "ती माझं नाव इंग्लिशमधी वाचते कुठं? होडीवर. दुसरं कुठं बघितलंय तिनं?"

"मग?"

"होडी रंगवली त्यो पेंटर भिवंडीचा. ट्रकांवर भिवंडी, भिवंडी लिहून त्याचा हात बसलेला. माझ्या नावात पन त्यानं मधी यन घातला. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, एक अक्षर फुकट मिळालं."

मालूनं माझ्याकडे बघितलं. मग आईसारखंच, एका बोटानं, एकेक अक्षर. भिवांजी.

मी उघडलो.

काय ओरडली पोरगी! मग मी एकेक तुकडा दाखवून विचारत गेलो, हे जोडू का, हे जोडू का, आणि ती हो, हो, हो करत गेली. पण शेवटी बघते तर प्रोजेक्ट जागेवर नाही. रतन म्हणाली, "हरवलं-सापडलंच्या कप्प्यात बघ." मित्रांनो, खरंच असा कप्पा असतो माझ्यात. नाव पुसलं गेलेल्या फायली तिथे जमा होतात, नुसता एक नंबर लावून. तिथे एक बिननावाची फाईल होती. उघडली, तर भरती, ओहोटी, तिथी, सगळं जसंच्या तसं!

"आता नाव काय देऊ हिला?" मालूनं विचारलं. आणि कुणी सांगायच्या आधी तिनंच लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी विचारलं, "भिवांजी? हा शब्द कुठला?" मालू म्हणाली, "आमच्या होडीवर लिहिलाय, सर." पास झाली ती. चांगली पास झाली.

आता नव्व्याण्णव साल संपत आलंय. मालू वागळे इस्टेटमध्येच कामाला जाते, आणि घरात तिचा नवा, मोठा कॉम्प्युटर आलाय. होडी काठावर उलटी पडलीय, कारण खाडीत पहिल्यासारखी मासळी राहिली नाही. मी फळीवर असतो, त्या सुकटीच्या डब्याशेजारी. सुधीरदादा परवा म्हणाला, "दोन हजार साल आलं की तारखांनी ह्याचं डोकं फिरणार. भंगारात देऊन टाकू."

आवडाबाईंनी कोयता खाली ठेवला. "खबरदार! त्याच्यात ह्यांचं नाव हाय."

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी म्हातारा असेल तर त्याला लगेच डबा म्हणू नका. त्याची धूळ पुसा, कधीतरी पिन लावा, आणि बिघडलाच तर पोचा काढून बघा. आत काय जपलंय, ते तुम्हाला ठाऊक नसतं.

मला अजून अधूनमधून कुणीतरी चालू करतं. बाबाच बहुतेक, काहीतरी खोटं काम काढून. "अगो ये, तुजा शब्द मागतोय." आवडाबाई ओल्या हातानं येतात आणि सगळ्यांना तोंडं फिरवायला लावतात. बाबासुद्धा भिंतीकडे बघतात, अगदी गुपचूप. मग टुक टुक चालू होतं, आणि प्रत्येक अक्षराबरोबर आवडाबाईंचे ओठ हलतात. मधल्या त्या फुकटच्या यनसकट.

बाकी कुणाला दिसत नाही. पण मी तर समोरच असतो ना!