आत ओढलेला ‘हो’

हॅलो, मी फोन बोलतोय. नाही, फोनवरून कुणी बोलत नाहीये. खुद्द फोन बोलतोय. तीन पायांचा, बसका, काळा, बैठकीच्या टेबलाच्या मधोमध ठेवतात तो. पंधरा वर्षं दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं. आता माझी पाळी, जरा ऐका.

माझी नेमणूक झाली स्वीडनच्या उत्तरेला, स्केलेफ्तेओ गावातल्या एका कारखान्यात. खाणीत माणसं खाली उतरवतात ते लोखंडी पिंजरे आणि त्या पिंजऱ्यांचे ब्रेक इथे बनतात. माल जातो जगभर आणि त्यापाठोपाठ प्रश्न येतात माझ्याकडे. मी फोन, म्हणजे बोलघेवडा. आणि पदरी पडली कसली माणसं? तासभराच्या बैठकीत चार वाक्यं बोलणारी. त्यातलं एक कॉफी संपल्याचं.

त्यातही एव्हर्ट लिंडमार्क म्हणजे कळस. वय अठ्ठावन्न, ब्रेकचा मुख्य इंजिनिअर. चिलीतल्या एका तांब्याच्या खाणीसाठी त्याने सहा वर्षं खपून नवा ब्रेक बनवला होता. ब्रेकबद्दल त्याला ठाऊक नाही असं काही नव्हतं, आणि त्यातलं त्याने कुणाला सांगितलंय असंही काही नव्हतं.

आता मुख्य भानगड सांगतो. या भागात ‘हो’ म्हणायचं असलं की माणसं तोंड उघडून बोलत नाहीत. ओठांचा चंबू करतात आणि झटकन श्वास आत ओढतात. श्शुप्! झाला हो. लग्नात श्शुप्, बँकेत श्शुप्, दवाखान्यात श्शुप्. गावात सगळ्यांना कळतं. चिलीत कसं कळणार?

फेब्रुवारीतली गोष्ट. चिलीहून शिमेना बारियेंतोसबाईंचा फोन आला. खाणीतल्या माणसांच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांची. बाईंनी आधी सगळ्यांच्या घरची विचारपूस केली, आपल्या आईचा गुडघा दुखतो तेही सांगितलं. इकडे टेबलाभोवतीचे सातही इंजिनिअर घड्याळाकडे बघत बसले. मग बाईंनी मुद्द्याचं विचारलं, की इंजिनिअरसाहेब, चाळीस माणसं भरलेला पिंजरा तुमचा ब्रेक धरेल ना?

एव्हर्ट म्हणाला, “श्शुप्.”

मी इमानदार फोन. ऐकलं तसं पाठवलं. तिकडे बाईंना काय ऐकू गेलं? काहीतरी भयंकर आठवून दचकलेला माणूस. त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं, “इंजिनिअरसाहेब, काय झालं? काय आठवलं तुम्हाला?”

एव्हर्टला वाटलं, बाईंना कमी ऐकू येतं. त्याने माझ्याजवळ तोंड आणलं आणि ठासून म्हणाला, “श्शुप्!”

बाईंची पाचावर धारण बसली. त्यांनी फोन ठेवला आणि खाण बंद करून टाकली. नऊ दिवस इकडे कुणाला पत्ता नाही. उलट बैठक छान आटोपली म्हणून दालचिनीचे बन खाल्ले लेकाच्यांनी.

मग चिलीहून पत्र आलं आणि कारखान्याचा साहेब बिर्गर याने कपाळाला हात लावला. इथे साहेबालाही अरे-तुरेच करतात, आणि साहेबही ओरडत नाही, फक्त हळू बोलतो. तो अगदी हळू बोलला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. तीन आठवड्यांनी पुन्हा फोन व्हायचा होता. तोवर एव्हर्टने परदेशी माणसांशी बोलायला शिकायचं. नाही जमलं, तर यापुढे ब्रेकबद्दल विक्री खात्यातला कॅस्पर बोलणार.

कॅस्परला ब्रेकबद्दल रंग सोडून काही माहीत नव्हतं. पण बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, म्हणतात ना! त्या संध्याकाळी खोलीत कुणी नसताना एव्हर्ट माझ्यासमोर येऊन बसला. स्वतःशीच पुटपुटला, “कॅस्पर सगळ्यालाच हो म्हणेल.” इतका घाबरलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

शिकवायला आली उल्रिका. स्वीडनचीच, पण पार दक्षिणेची. घशातून खर्जात बोलणारी, हातवारे करणारी. म्हणजे आमच्यासाठी परदेशीच. तिने पडद्यावर चित्रं दाखवत दोन तास चिलीची माणसं समजावली. कामाआधी घरचं विचारा, एकदम मुद्द्यावर येऊ नका, वगैरे. शेवटी म्हणाली, समजलं ना सगळ्यांना?

सात इंजिनिअरांनी एकदम उत्तर दिलं, श्शुप्.

उल्रिकाने जाऊन खिडकी उघडली. तिला वाटलं, खोलीत हवा कमी पडतेय. बाहेर उणे अठरा. सगळ्यांनी मुकाट्याने कोट चढवले. दुसऱ्या दिवशीही तेच, प्रश्न, श्शुप्, खिडकी. मी हसून हसून बेजार झालो असतो, पण माझं बटण बंद होतं.

तिसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी शेवटचा एक बन उरला. आता आमच्याकडे शेवटच्या बनाला कुणी हात लावत नाही. तो तसाच वाळतो. उल्रिकाने ताटली एव्हर्टपुढे धरून विचारलं, हवाय का? एव्हर्टने श्शुप् केलं आणि बन उचलला.

उल्रिका त्या बनाकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, “म्हणजे ते... हो होतं?”

सातही जण म्हणाले... जाऊ दे, तुम्हाला कळलंच असेल.

त्यानंतर खरं शिक्षण सुरू झालं. उल्रिका शेजारच्या खोलीत बसून बारियेंतोसबाई व्हायची आणि माझ्यावर फोन करायची. एव्हर्टने श्वास बाहेर सोडून, तोंडाने, ऐकू येईल असं ‘हो’ म्हणायचं. पहिल्या दिवशी त्याला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी उचकी. शेवटी उल्रिकाने त्याच्यासमोर काडीला कागदाची पट्टी टांगली. पट्टी त्याच्याकडे ओढली गेली तर नापास, पलीकडे उडाली तर पास. इंजिनिअरच तो! मोजायला काहीतरी मिळाल्याबरोबर त्याला हुरूप आला. पट्टी किती बोटं हलली, ते तो वहीत लिहायला लागला.

तरी एकदा वैतागून म्हणाला, “एवढ्या मोठ्याने हो म्हणायचं म्हणजे बढाई मारल्यासारखं वाटतं गं.”

“बढाई कसली?” उल्रिका म्हणाली. “ती बाई तुझ्या एका शब्दावर चाळीस माणसं खाली सोडणार. तिला तो ऐकू नको यायला?”

एव्हर्टने वहीचं नवं पान उघडलं. मग पट्टी सरळ केली आणि पुन्हा म्हणायला लागला. हो. हो. हो. तीन आठवड्यांत त्याचा हो असा खणखणीत झाला, की माझ्या पोटातला भोंगा थरथरायचा.

तो दिवस उजाडला. टेबलाशी एका बाजूला बिर्गर, दुसऱ्या बाजूला नवा सदरा घालून कॅस्पर, भिंतीशी उल्रिका, आणि माझ्यासमोर पट्टी टांगून एव्हर्ट. फोन लागला. एव्हर्टने बारियेंतोसबाईंच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. बिर्गर खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. बाई खूश झाल्या, गुडघ्याचं सगळं सांगितलं. मग त्यांनी प्रश्न विचारला, आणि तो भलताच निघाला.

ब्रेकमध्ये धूळ जाऊ नये म्हणून रबरी झाकणं असतात. ती बंदरात अडकली होती, पोचलीच नव्हती. बाईंवर वरून दबाव होता. आणखी खाण बंद ठेवली तर त्यांची नोकरी धोक्यात. “झाकणांशिवाय सोमवारी माणसं सोडू का, इंजिनिअरसाहेब? तुम्ही हो म्हणालात तर सोडते.”

बिर्गरने कागदावर ठळक ‘हो’ लिहून एव्हर्टपुढे सरकवला. कॅस्परने तर माझ्याकडे झुकून तोंड उघडलंच होतं. तीन आठवडे ज्याने फक्त हो घोकला होता, त्या माणसाने मला दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढलं.

“नाही,” एव्हर्ट म्हणाला. पट्टी काडीसकट उडून खाली पडली. “धूळ गेली तर ब्रेक घसरेल. झाकणं बसेपर्यंत एकही माणूस खाली पाठवू नका. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

पलीकडे शांतता. आमच्या माणसांना शांततेची सवय. पण त्या दिवशी त्यांनाही घाम फुटला.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “महिनाभर इथे सगळे मला हो-हो म्हणतायत. नाही म्हणणारे तुम्ही पहिले. ज्या दिवशी हो म्हणाल, त्या दिवशी पहिल्या पिंजऱ्यात मी स्वतः बसेन.”

झाकणं नऊ दिवसांनी बसली. एव्हर्टने हो म्हटलं आणि बाई खरोखरच बसल्या. ब्रेकबद्दल कॅस्परने बोलण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. जाता जाता उल्रिका एव्हर्टला म्हणाली, की मी तर तुला फक्त हो शिकवला होता, हे ‘नाही’ कुठून आलं? तो म्हणाला, “मी ब्रेक बनवतो. ब्रेकचं काम तेच असतं.”

पुढे माझे दिवस भरले. भिंतीवर चेहरे दाखवत बोलणारा मोठा पडदा आला. तो भलता हुशार. श्वासाला गोंगाट समजून आपणच पुसून टाकतो. गावचे श्शुप् आता दाराबाहेरही पडत नाहीत. मी तीन वर्षं कपाटात, केटलीशेजारी धूळ खात पडलो.

गेल्या जूनमध्ये एव्हर्ट निवृत्त झाला. त्याच दिवशी बिर्गर कपाट आवरत होता. मला बाहेर काढून म्हणाला, “हा चालतो का रे अजून? चालत असला तर कॅस्परच्या खात्याला देऊन टाकतो.”

एव्हर्टने माझं बटण दाबलं. माझा हिरवा दिवा लागला, ठणठणीत. त्याने त्यावर अंगठा ठेवला, बिर्गरच्या डोळ्यांत बघितलं आणि स्वच्छ, मोठ्याने म्हणाला, “नाही.”

आणि मला पिशवीत घालून घरी घेऊन आला. सबंध आयुष्यात खोटं न बोललेला माणूस माझ्यापायी खोटं बोलला हो! आता मी त्याच्या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी असतो. रविवारी चिलीहून बाईंचा फोन येतो, आईचा गुडघा बरा आहे म्हणतात.

तर मंडळी, एकच विनंती. मी चालू आहे, हे बिर्गरला सांगू नका.